‘दर वाराला उणे पाच, अधिक दहा’? आधी समोरचा एसी बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल (२०१४चे नियम) एक सल्ला सर्रास फिरतो: ग्रेटसोर्ड (दोन हातांची मोठी तलवार) उचला, ‘ग्रेट वेपन मास्टर’ फीट (पात्राने घ्यायची खास कुवत) घ्या आणि दर वाराला टू-हिटमधून (वार लागतो का ते ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा बोनस) ५ वजा करून डॅमेजमध्ये (वाराने होणारं नुकसान) १० मिळवा, बाकी शस्त्रं शोभेची. त्याला जोडून डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सांगितलं जातं की फीट बंद करा, नाहीतर आकडे प्रोफिशियन्सीला (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) बांधा. फीट तगडा आहे, वादच नाही. पण पुढचं सगळं आकडेमोड न करता बोललेलं आहे.

‘दर वाराला लावा.’ पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या: स्ट्रेंग्थ १८, टू-हिट +७, ग्रेटसोर्डचं सरासरी डॅमेज ११ (२डी६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, अधिक स्ट्रेंग्थचे ४). एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फासा आणि टू-हिट मिळून गाठायचा आकडा) १५ समोर साधा वार ६५ टक्के वेळा लागतो, म्हणजे दर वाराला सरासरी ७.१५. उणे पाच घेतलं की ४० टक्के, पण २१ डॅमेज, सरासरी ८.४. (क्रिटचे, म्हणजे फाशावर २० पडल्यावर मिळणारे, डॅमेजचे जादा फासे दोन्हीकडे सारखेच, म्हणून सोडलेत.) मिळाला सव्वा पॉइंट. एसी १८ असेल तर ५.५ विरुद्ध ५.२५, म्हणजे चक्क तोटा. टेबलावर झटकन काढायचं तर टू-हिट बोनसमध्ये १६ मिळवा आणि सरासरी डॅमेजचं निम्मं वजा करा. इथे उत्तर १७.५, म्हणजे एसी १७ पर्यंत लावा, १८ला सोडा. ॲडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) असेल तर मात्र १८लाही लावा: ८.२५ च्या जागी ९.१९ मिळतात.

समोरच्यात जीव किती उरलाय, हे सरासरीत दिसत नाही. गोब्लिनचा एसी १५, हिट पॉइंट ७. साधा वार लागला आणि दोन्ही फाशांवर १ पडला, तरच तो वाचतो. म्हणजे एका वारात मरण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. उणे पाच घेतलं की ४०. सात पॉइंटच्या गोब्लिनवर २१ ओतून उरलेले चौदा जातात कुठे? शिवाय शत्रू पडला की बोनस ॲक्शनने (पाळीतली एक जादा कृती) मिळणारा वार, जो याच फीटचा दुसरा अर्धा भाग आहे, तोही हातचा जातो.

‘तलवार जितकी भारी, तितका सौदा फायद्याचा.’ उलट आहे. फ्लेम टंग ही जादूची ग्रेटसोर्ड आगीचे २डी६ जोडते, सरासरी १८ होते आणि वरच्या सूत्राची मर्यादा १४ वर उतरते. त्याच एसी १५ समोर आता साधा वार ११.७, सौद्याचा ११.२.

‘बाकी शस्त्रं शोभेची.’ या सौद्यात तर ग्रेटसोर्डच पहिली नाही. खरा फायदा +१० किती वारांवर चढतो त्यात आहे. ग्लेव्ह या लांब दांड्याच्या शस्त्राला ‘पोलआर्म मास्टर’ हा फीट जोडला की बोनस ॲक्शनने दांड्याचा डी४चा वार मिळतो, आणि ग्लेव्ह हेवी (+१० साठी लागणारा शस्त्राचा गुण) असल्याने त्यावरही +१० लागतं. व्हेरिएंट ह्यूमन (पहिल्याच लेव्हलला फीट मिळणारा माणूस) फायटरकडे सहाव्या लेव्हलला दोन्ही फीट आणि स्ट्रेंग्थ १८ असू शकते. एसी १५ समोर तिन्ही वार लावले तर फेरीला २२.२, ग्रेटसोर्डच्या दोन वारांचे १६.८. किंमत एवढीच की दर फेरीला बोनस ॲक्शन खर्ची पडते.

राहिला डीएमचा उपाय: ५ आणि १० ऐवजी प्रोफिशियन्सी बोनस आणि त्याची दुप्पट. पाचव्या लेव्हलला उणे ३, अधिक ६. एसी १५ समोर ८.५ येतात, म्हणजे मूळ फीटपेक्षाही किंचित जास्त! या एसीला खीळ बसते ती फक्त ॲडव्हान्टेज असताना: १३.४ वरून १२.७५.

२०२४च्या नियमांनी सौदाच काढून टाकला. आपल्या पाळीत अटॅक ॲक्शनने हेवी शस्त्राचा वार लागला की प्रोफिशियन्सी बोनसइतकं जादा डॅमेज, बस. एसी १५ला ही भर १.९५ ची, म्हणजे जुन्या सव्वापेक्षा जास्त. ॲडव्हान्टेज असताना जुन्या ३.८ च्या जागी २.६. जुन्याच नियमांनी खेळणाऱ्या टेबलावर फीट बंद करण्यापेक्षा एवढं एक कलम उचलणं सोपं आहे.