‘शिकवायला बसू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाची चाल सुधारण्यासाठी डीकोडरचे (इंजिनात बसवलेल्या, मोटर चालवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीचे) सीव्ही, म्हणजे तिच्यातली क्रमांक दिलेली बदलती मूल्ये, कशी लावावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, आणि त्या रागाखाली एखादा मुद्दा निसटला तर नाही ना, म्हणून दुसऱ्यांदा वाचली. आपले मुख्य म्हणणे एका वाक्यात आहे, ते जसेच्या तसे देतो : ‘बॅक-ईएमएफ असलेल्या आधुनिक डीकोडरवर एकदा ऑटोट्यून चालवले की काम संपते, सीव्ही २ ला हात लावायची गरज नसते आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याने इतरांना शिकवायला बसू नये.’

या वाक्याच्या पूर्वार्धावर चर्चा होऊ शकते. उत्तरार्ध मात्र कोणत्याही सीव्हीशी संबंधित नाही, तो केवळ माझ्याशी संबंधित आहे, आणि तो लिहिण्याची आपल्याला काय निकड होती हे मला अजून समजलेले नाही. मी शिकवायला कधी बसलो नाही. हात पोळून जे कळले ते लिहिले. २००९ साली माझा पहिला डीकोडर मी स्वतःच जाळला. मोटरचा खालचा ब्रश चासीला टेकलेला राहिला होता. इंजिन रुळांवर ठेवले आणि नखाएवढ्या त्या पाटीतून धुराची बारीक रेघ वर गेली. भाच्याच्या बॅगेतून आलेल्या त्या डीकोडरच्या जागी दुसरा यायला आठ महिने लागले, आणि तेवढ्या काळात मी हातात पडेल ते प्रत्येक माहितीपत्रक वाचून काढले. त्यानंतर एकोणतीस इंजिनांत डीकोडर बसवले आहेत. हे मोठेपणा मिरवण्यासाठी सांगत नाही, पण ‘ठाऊक नाही’ हे शब्द वापरण्यापूर्वी आपण निदान विचारायला हवे होते.

आता पूर्वार्धाकडे येतो. ऑटोट्यून म्हणजे काय, तर ईएसयू कंपनीच्या डीकोडरमध्ये सीव्ही ५४ मध्ये ० लिहून कंट्रोलरवरचे एफ१ दाबले की इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने धावते, डीकोडर त्या धावेत मोटरची मोजणी करतो आणि सीव्ही ५१ ते ५५ ची मूल्ये स्वतः भरतो. या पाचांत सीव्ही २ कुठे आहे, हे आपण दाखवावे. बॅक-ईएमएफ म्हणजे काय, तर डीकोडर अगदी अल्प काळ मोटरचा पुरवठा तोडतो, फिरती मोटर त्या अवधीत जनित्रासारखी वागते, आणि तिने निर्माण केलेल्या विद्युतदाबावरून तिचा खरा वेग कळतो. तो हव्या असलेल्या वेगाहून कमी भरला तर डीकोडर जोर वाढवतो, जास्त भरला तर घटवतो. पण वेगाच्या १२८ पायऱ्यांतल्या पहिल्या पायरीवर ‘हवा असलेला वेग’ किती, हे त्याला सांगणार कोण? ते सीव्ही २ सांगतो. ऑटोट्यूनने ते ठरत नाही.

माझ्याकडे जर्मन व्ही ६० या शंटिंग इंजिनाचे (यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाचे) एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातले, मॉडेल आहे. खऱ्या इंजिनाचा कमाल वेग ताशी ६० किलोमीटर. त्या प्रमाणात तो वेग म्हणजे एका मीटरला सुमारे ५.२ सेकंद. शंटिंगसाठी ताशी ५ किलोमीटर धरले तर त्याच मीटरला जवळपास ६३ सेकंद लागायला हवेत. ऑटोट्यून झाल्यावर, सीव्ही ३ आणि ४ (वेग हळूहळू वाढवणारे आणि घटवणारे) शून्य ठेवून, पहिल्या पायरीवर मी घड्याळ लावले तेव्हा ४० सेकंद भरले. सीव्ही २ तीनवरून एकवर आणला आणि ६५ भरले. आपण म्हणता तसे ‘काम संपले’ असते, तर हा फरक कुठून आला?

आणखी एक गोष्ट. हेच इंजिन आधी गचके खात होते, ऑटोट्यूननंतरही खात होते. मी पुढच्या चाकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला, आणि ठिपका माथ्यावर आला की इंजिन दर फेऱ्याला अडखळते हे दिसले. जी अडचण चाकाबरोबर फिरते ती रुळाची नसते आणि डीकोडरचीही नसते. खालचे झाकण काढले तर आसाभोवती गालिच्याचा एक धागा घट्ट गुंडाळलेला होता. बॅक-ईएमएफने जोर वाढवून ती अडचण बरीचशी झाकली होती, एवढेच. म्हणूनच लेखात मी आधी साफसफाई, मग मोटरच्या टोकांवरचा जुना कपॅसिटर काढणे, आणि त्यानंतर सीव्ही असा क्रम दिला होता. आपण त्याला ‘उगाच लावलेली लांबण’ म्हटले आहे. असो.

एक चूक मात्र मान्य करतो, कारण ती चूक आहे. इंजिनाचा लांब (चार आकडी) पत्ता ठेवून ॲनालॉग, म्हणजे साध्या डीसी पुरवठ्यावर चालण्याची जुनी सोय, बंद करायचे असेल तर सीव्ही २९ मध्ये ३४ लिहावे लागते; मी ३८ छापले होते, म्हणजे ॲनालॉग चालूच राहिले असते. ती दुरुस्ती केली आहे. आपण ती इतक्या आनंदाने दाखवली नसती तर आभारही मानले असते.

कीप-अलाइव्हबद्दल, म्हणजे रुळांचा पुरवठा क्षणभर तुटला तरी इंजिन चालू ठेवणाऱ्या विजेच्या साठ्याबद्दल, मी लिहिले नाही, कारण मळकट रुळांवर तो उपाय नव्हे. झिमो या दुसऱ्या कंपनीच्या डीकोडरचे मोटर-नियंत्रणाचे सीव्ही ९ आणि ५६ वेगळे आहेत, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. आपण तो वाचला असता तर आपल्या प्रतिक्रियेतल्या तीन ओळी लिहायच्या वाचल्या असत्या. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर द्यावे असे त्यांत काही नाही.

आपल्याकडचे कोणतेही शंटिंग इंजिन ऑटोट्यून करून पहिल्या पायरीवर सोडा, आणि एका मीटरला किती सेकंद लागले तेवढा आकडा इथे लिहा. पुढचे बोलणे त्या आकड्यावर करू.