६१७४ आणि दशमान पद्धती : एका आक्षेपाला उत्तर

६१७४ या संख्येवरच्या माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा, की कोणत्याही चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास शेवटी ६१७४ येते, हे विधान चूक आहे; कारण २१११ − १११२ = ९९९, आणि पुढची वजाबाकी शून्यावर संपते. दुसरा असा, की हा सारा दशमान पद्धतीचा योगायोग आहे, त्यात गणित नाही.

पहिला आक्षेप मान्य. चारही अंक सारखे असलेल्या संख्या वगळायच्या आणि उत्तर नेहमी चार घरांतच मांडायचे, या दोन अटी मी लिहायला हव्या होत्या. ९९९ ऐवजी ०९९९ मांडले, की ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४ अशी वाट सरळ होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा आक्षेप मात्र तसाच स्वीकारता येत नाही. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकी येते. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्व उरत नाही. उरतात फक्त दोन फरक, आणि त्यांच्या जोड्या अवघ्या ५४ आहेत. हजारो संख्या पहिल्याच पायरीत या ५४ जोड्यांत गोळा होतात, म्हणूनच जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे आटोपते. ६१७४ चे अंक ७, ६, ४, १ असे लावले, तर फरक ६ आणि २ येतात, आणि ५९९४ + १८० = ६१७४.

आता दहाचा पाया सोडून पाचचा घेऊ, म्हणजे ० ते ४ हे पाचच अंक वापरून संख्या लिहू. तिथे उसने घेताना दहाऐवजी पाच मिळतात, म्हणून ३३२० − ०२३३ = ३०३२, आणि ३०३२ चे अंक पुन्हा लावले तर हीच वजाबाकी समोर येते. या पायात जोड्या चौदाच असल्याने मी त्या सगळ्या कागदावर करून पाहिल्या. प्रत्येक जोडी ३०३२ वरच येऊन थांबते. ६, १, ७, ४ आणि ३, ०, ३, २ शेजारी ठेवून पाहावेत : पाया ५न असेल (न म्हणजे १, २, ३ अशी कोणतीही संख्या) तर ३न, न − १, ४न − १, २न या अंकांची संख्या स्वतःकडेच परत येते. (सगळ्याच संख्या तिथे पोहोचतात का, हा निराळा प्रश्न आहे.) देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना १९४९ मध्ये सापडलेली संख्या अशा एका कुटुंबातली आहे, आणि त्या कुटुंबाचे नाते दहापेक्षा पाचाशी अधिक आहे.

कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांचा, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांचा, गुणही या कुटुंबात सर्वांना आहे. ६१७४ ला १८ ने भागले की ३४३ येतात. पाचच्या पायातली ३०३२ आपल्या नेहमीच्या लेखनात ३९२ होते, आणि ३९२ ला ८ ने भागले की ४९. मात्र १८ + १८² + १८³ = ६१७४ हे जे समीकरण मी लेखात मोठ्या कौतुकाने दिले होते, ते ३९२ ला लागू पडत नाही, कारण ८ + ८² + ८³ = ५८४. त्या एका ओळीपुरता आपला ‘योगायोग’ हा शब्द मी मान्य करतो.