फ्लेक्स आधी, शर्यत नंतर

गेल्या नोव्हेंबरात गोव्याहून परत आले, तर गल्लीच्या तोंडाला माझा दहा बाय आठचा फ्लेक्स. 'साताऱ्याची लोहकन्या'. वय वर्षे ४४, दोन पोरांची आई, आणि म्हणे कन्या! मंडळाच्या पोरांनी हौसेनं आदल्या दिवशीच छापून आणला होता. अडचण एवढीच, की पोहणं-सायकल-पळण्याची ती शर्यत मी पूर्ण केली नव्हती. पूर्ण सोडा, सायकलला हातही लागला नव्हता. मला बोटीत घालून किनाऱ्यावर आणलं होतं.

हे वर्षभर कुणाला नीट सांगितलं नाही. विचारलं की 'हो, जाऊन आले' एवढंच. आता पुन्हा नाव नोंदवलंय, पुन्हा लोक 'जिद्द बघा, जिद्द' म्हणायला लागलेत, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोव्यात २०१९ पासून मिरामारला ही शर्यत होते. ट्रायथलॉन म्हणतात, म्हणजे तीन खेळ एकापाठोपाठ. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. मैलांत बेरीज ७०.३, म्हणून नाव आयर्नमॅन ७०.३. बोलताना सगळे हाफ आयर्नमॅन किंवा नुसतं हाफ म्हणतात. पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात, तेवढ्यात बाहेर आला नाहीत तर खेळ तिथंच संपला. थंड देशांत वेटसूट घालून पोहतात, त्यानं माणूस आपोआप थोडा तरंगतो. आपलं पाणी कोमट, त्यामुळे इथं तो लाड नाही.

मी हिशेब असा केला होता: पळणं येतं, सायकल जमते, पोहणं कसंबसं निभावून नेऊ. माझ्या ओळखीतल्या दहातल्या आठ जणांचा हिशेब हाच असतो. पोहणं म्हणजे सायकलपर्यंत पोचायचं तिकीट.

तिसऱ्या बोयाच्या (मार्ग दाखवायला पाण्यात सोडलेला तरंगता फुगा) आसपास कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. डाव्या डोळ्यात खारं पाणी. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर नेमकी लाट आली. बास, तेवढंच झालं. त्यानंतर मी पोहत नव्हते, पाण्याशी झटापट करत होते. छाती नुसती धडधडत होती. पंधरा-वीस फुटांवर कयाक, म्हणजे मदतीची छोटी वल्ह्याची होडी, होती. दमलात तर कयाक धरून थांबता येतं, ती तुम्हाला पुढं नेत नाही तोवर बाद करत नाहीत, हे आदल्या दिवशी आम्हाला नीट समजावून सांगितलेलं. मला पाठ होतं. तरी धरली नाही. का? लाज वाटली. आजूबाजूला एवढी माणसं पोहतायत आणि मी तेवढी धरून बसणार? मनात तो फ्लेक्सही असणार, कारण पोरांनी फोटो आधीच मागून घेतला होता. सात-आठ मिनिटं तशीच हातपाय मारत राहिले. शेवटी हात वर केला तेव्हा तो हलवायचंही त्राण नव्हतं. बोटीवरचा पोरगा टॉवेल देत म्हणाला, "मॅडम, हात आदींच वयर करपाचो." हात आधीच वर करायचा, म्हणे.

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना गोळा करून एक अभ्यास झालाय. एकूण १३५. त्यातल्या ९० पोहताना घडल्या. सायकलवरचे अपघात त्या मानानं कितीतरी कमी. बहुतेक पुरुष, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे चाळिशीनंतर हौस सुरू करून पहिल्याच वर्षी हाफ आयर्नमॅनला नाव घालणारे जे आहेत ना, बरोबर त्याच वयाचे. घाबरवायला सांगत नाहीये. पण पळताना जिद्द धरली तर फार तर पिंढरीत गोळा येतो, लंगडत चालता येतं. पाण्यात दमल्यावर जिद्द धरली तर काय होतं ते मी बघून आलेय.

आणि घाई कसली म्हणते मी? ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं अशी छोटी शर्यत असते, तिला स्प्रिंट म्हणतात. दीड किलोमीटर, ४०, १० हे ऑलिंपिक अंतर. सिडनीपासून, म्हणजे २००० सालापासून, ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदकं याच अंतराला मिळतात. पण आपल्याकडे स्प्रिंटला फ्लेक्स नाही, शाल-श्रीफळ नाही. 'हाफ केलं का?' हाच प्रश्न.

बायकांची आणखी एक गोम. मी ज्या तलावावर जायचे तिथं लेडीज बॅच दुपारी तीन ते चार. माझं मेडिकल आहे, दुपारी नवरा जेवायला घरी गेला की गल्ल्यावर मी. ही बॅच ठरवली कुणी? ज्या बाईला दुपारी तीनला मोकळा तास मिळतो ती बाई मला एकदा भेटायचीय. पहाटेच्या बॅचला गेले तर 'ती जनरल आहे' म्हणून परत पाठवलं. जनरल म्हणजे पुरुष, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून यंदा माहेरची विहीर. लिंब गावाच्या अलीकडे आमचं शेत आहे. लिंबची बारामोटेची विहीर बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, आमची तशी काही नाही. साधी गोल, चाळीसेक फूट रुंद, पावसाळ्यात वरपर्यंत भरलेली. नऊ वर्षांची असताना अण्णांनी पाठीला तेलाचा पत्र्याचा डबा आणि कमरेला काढणी (दोर) बांधून मला यातच ढकललं होतं. आता चाळीस फुटांत पोहायचं म्हणजे दहा हात मारले की भिंत. मग पुन्हा काढणीच काढली. तिच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब बांधलीय, ती ताणते आणि परत ओढते. कमरेला दोर, वर अण्णा, आणि मी तासभर एकाच जागी पोहत्येय. बैल घाण्याला जुंपलाय म्हणा ना. बघायला आधी शेजारची पोरं यायची, आता कंटाळली.

समुद्रात तळाला रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी मान जराशी उचलून बोया कुठंय ते बघावं लागतं, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. याचा सराव विहिरीत कसा करणार? अण्णांनीच काढलं. ते विहिरीच्या काठच्या थारोळ्यावर उभे राहून बोटं दाखवतात. मी मान वर काढली की ओरडायचं, "तीन!" "चार!" चुकलं की वरून "डोळं फुटलं का गं?" वय ७६. शर्यत म्हणजे काय हे त्यांना अजून पुरतं कळलेलं नाही. पैसे भरून बुडायला कशाला जायचं, हा त्यांचा मुद्दा.

गोव्याची खरी हकिकत मी पहिल्यांदा सांगितली ती त्यांना. थोडा वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "दमल्यावर उताणं पडायचं असतंय, आभाळाकडं बघत. ह्ये तुला नववं सरायच्या आत शिकिवलंय." खरंच शिकवलं होतं. डबा सोडायच्या आधी ते मला पहिलं तेच करायला लावायचे. पस्तीस वर्षांत मी श्वासाची लय, हाताचा कोन, घड्याळातले आकडे सगळं शिकले आणि उताणं पडायचं तेवढं विसरले.

तर यंदा दर शनिवारी अर्धा तास फक्त तेवढंच. जोरात पोहून दम घालवायचा, गॉगल मुद्दाम काढायचा, अण्णा बादलीनं वरून पाणी मारतात (हे त्यांना फार आवडतं), आणि मग उताणं पडून श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. परवा दीड.

बाकीचं नेहमीचंच. रविवारी हायवेनं कऱ्हाडपर्यंत जाऊन परत, शंभरच्या वर होतात. उतरल्या उतरल्या बूट बदलून वीस मिनिटं पळायचं, पाय लाकडाचे असतात. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, यवतेश्वरचा घाट हा घरचाच. खायला राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. कंदी पेढा सायकलवर खाऊन बघितला, टाळूला चिकटतो. आणि हो, मेडिकलवाली म्हणून सांगते: ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी ओतू नका.

ऑक्टोबरात एका तलावात ऑलिंपिक अंतर करणार आहे. तिथं कयाक दिसली की दमलेली असो नसो, एकदा जाऊन धरणार. लाज तिथंच सोडून यायची, मग गोवा.

मंडळाच्या पोरांना सांगून ठेवलंय, यंदा काही छापू नका. जुना फ्लेक्स मी मागून आणला होता. अण्णांनी तो विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला पावसासाठी गुंडाळलाय. 'लोहकन्या'तलं 'लोह' आत गेलंय, 'कन्या' आणि माझा अर्धा चेहरा बाहेर. मान वर काढली की अण्णांच्या बोटांशेजारी तोच दिसतो.