सीपीआर शिकलात? आता ओरडायला शिका

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवायला शिकवणारं शिबिर संपतं, सर्टिफिकेटं वाटून होतात, ग्रुपवर फोटो पडतात. आणि चपला घालता घालता कुणीतरी हमखास विचारतं, "ते सगळं ठीक आहे, पण खरंच वेळ आली तर जमेल का हो मला?"

लालबाग-परळ भागातल्या मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या शिबिरांत मी डमी उचलण्यापासून नावं लिहून घेण्यापर्यंत पडेल ते काम करतो. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी कानावर येतो. माझं तर ठाम मत झालंय की शिबिराचा खरा विषय हाच आहे, आणि नेमका त्याच्यासाठीच आपण वेळ ठेवत नाही.

कृती म्हणाल तर अवघड अजिबात नाही. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तीन संशोधकांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची ही पद्धत मांडली, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की याला फक्त दोन हात पुरतात. सहा दशकं उलटून गेली. हात सगळ्यांना आहेत, ते पुढे येत नाहीत.

का येत नाहीत, हे मी बारकाईने बघितलंय. गेल्या शिबिरात एक काकू डमीसमोर गुडघ्यावर बसल्या. बांगड्या कोपराकडे सरकवल्या, हात अगदी बरोबर ठेवले आणि हलकेच दाबलं. डमीत नीट खोल दाबलं की 'टक्' असा आवाज येतो. तो येईना. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काकू, जोर लावा." काकू म्हणाल्या, "अहो, पण दुखेल ना त्याला!" रबराच्या बाहुल्याबद्दल. कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. मॅडम त्यांच्या शेजारी खाली बसल्या. "काकू, याचं हृदय बंद पडलंय. याला आता काहीही दुखत नाहीये. तुमच्या हातून याहून वाईट काय होणार? दाबा." पुढच्या दाबाला टक् वाजलं. मग वाजतच राहिलं.

मॅडमचं ते वाक्य मला सगळ्या स्लाइड्सपेक्षा मोलाचं वाटतं. "माझ्याकडून काही चुकलं तर?" ही सगळ्यात मोठी भीती. बरगडी मोडू शकते, हो. नीट सीपीआर देतानाही मोडते आणि ती पुढे भरून येते. पण हृदय बंद पडल्यावर कुणीच दाब दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. संध्याकाळी सात वाजता आंबेडकर रोडवर अॅम्ब्युलन्सला किती वेळ लागतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ती पोचेपर्यंतची मिनिटं आपली असतात.

आणखी एक गोष्ट शिबिरात घाईघाईत उरकली जाते. कोसळलेला माणूस कधी कधी आचके देतो, घशातून घरघर येते. लोक म्हणतात, "श्वास चालू आहे, थांबा जरा." तो श्वास नव्हे. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की सुरू करायचं.

पोलिसांची भीती दुसरी. "नसतं लफडं मागे लागेल" हे वाक्य मुंबईत प्रत्येकाने ऐकलंय. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी २०१६ साली सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदतनिसाला संरक्षण देणारं १३४ए हे कलम आलं. अपघात नसला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहेच: संमती द्यायच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. हे शिबिरात दोन मिनिटांत सांगून होतं. सांगायलाच हवं.

आता गर्दी. दादरच्या पुलावर माणूस कोसळला तर मदतीला शंभर हात, असं आपण समजतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. इंटरकॉमवर एका विद्यार्थ्याला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत होता, तेव्हा झटका संपायच्या आत ८५ टक्के जण मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. ती माणसं दगडाच्या काळजाची नव्हती. कुणीतरी करेल, असं प्रत्येकाला वाटलं. आपल्या प्लॅटफॉर्मवर चौघं नसतात, चारशे असतात.

म्हणून मॅडमनी काकूंना पुढचं सांगितलं, "आता ओरडा." काकू हळू आवाजात म्हणाल्या, "कुणीतरी फोन करा ना." "कुणीतरी म्हणजे कोण? बोट दाखवा." काकूंनी आमच्या खजिनदाराकडे बोट केलं आणि हॉल दणाणला, "ए, चेकचा शर्ट! १०८ लाव आणि मला सांग लागला की!" तो खरंच फोन काढून उभा राहिला. त्या क्षणी काकूंचा चेहरा बदलला. छाती दाबायला शिकताना आला नव्हता, तो विश्वास एका आरोळीने आला.

बायकांच्या बाबतीत संकोच अजून जास्त. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्के जणांना बघ्यांकडून सीपीआर मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. आपल्याकडे परक्या बाईच्या छातीला हात लावायचा म्हटलं की भले भले मागे सरतात. ही लाज जीव घेऊ शकते. त्यावर मोकळेपणाने, बायका-पुरुष एकत्र बसलेले असतानाच बोललं पाहिजे. डमीला ओढणी-कुर्ता घालून सराव घ्या. पहिल्या दहा मिनिटांत अवघडलेपण जातं.

भीती जाते, याचा पुरावा आहे. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत आणि २००६ मध्ये ड्रायव्हिंग लायसन्ससाठी हे प्रशिक्षण सक्तीचं केलं, सोबत इतरही बरेच प्रयत्न केले. २००१ मध्ये तिथे पाचातल्या एका रुग्णाला बघ्यांकडून सीपीआर मिळायचा, २०१० मध्ये जवळपास निम्म्यांना मिळू लागला. आपल्या आरटीओत आठ आकडा काढायच्या आधी अर्धा तास डमीवर घालवायला लावला, तर कुणाचं काय बिघडणार आहे?

पण सरकारची वाट कशाला बघायची? गणपतीच्या मीटिंगा सुरू होतील तेव्हा आपापल्या मंडळात एवढंच मांडा: शिबिर हॉलमध्ये गादीवर नको. चाळीच्या पॅसेजमध्ये घ्या, जिन्याच्या चौथऱ्यावर घ्या, मंडपाच्या रांगेत घ्या, मागे बेंजो वाजत असताना घ्या. प्रत्येकाला एकदा तरी मोठ्याने ओरडायला लावा, अनोळखी माणसाकडे बोट दाखवून काम सांगायला लावा. आणि वर्षातून एकदा नव्हे, दर तीन-चार महिन्यांनी, कारण हात विसरतात.

आमच्याकडे पुढचं शिबिर जिन्यातच घ्यायचं ठरलंय. परळ-लालबागच्या ज्या मंडळांना डमी हवी असेल त्यांनी खाली लिहा, आणून देतो. काकू शिकवायला येणार आहेत.