सरकार शनिवारी कोणासाठी जागं असतं?

सरकारी बँका विकण्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: "अमेरिकेत बघा, सरकार धंद्यात लुडबुड करत नाही." २०२१च्या अर्थसंकल्पात दोन बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली, तेव्हापासून तर ते अनेकांना तोंडपाठच झालंय. हे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी इथलं, म्हणजे मी राहतो त्या अमेरिकेतलं, घरकर्ज जवळून पाहिलंय, कोण जाणे.

इथलं तीस वर्षं एकाच दराने चालणारं कर्ज नुसत्या बाजाराच्या जोरावर उभं नाही. बँक कर्ज देते आणि बऱ्याचदा थोड्याच दिवसांत ते फॅनी मे किंवा फ्रेडी मॅकला विकून मोकळी होते. त्या अशा कर्जांचे रोखे करतात आणि कर्जदार बुडाला तरी मुद्दल-व्याज मिळेल अशी हमी देतात. या दोन्ही संस्था सप्टेंबर २००८मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर वाढला की ईएमआय तरी वाढतो, नाहीतर मुदत तरी लांबते. जोखीम सगळी कर्जदाराच्या डोक्यावर. मग मुक्त बाजार जास्त कुठे आहे? ऑगस्ट २०२५मध्ये तर इथल्या सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. हेच दिल्लीने केलं असतं तर आपल्या मंडळींनी समाजवाद परतल्याची हाकाटी पिटली असती.

बँक बुडते तेव्हा तर सगळंच उघडं पडतं. ९ मार्च २०२३ला सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एफडीआयसीने, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, बँक ताब्यात घेतली. विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि बहुतेक ठेवी त्याच्या कितीतरी वर, कारण ठेवीदार होते स्टार्टअप आणि त्यांचे भांडवलदार. कायद्यात अपवादाची वाट आहे: एफडीआयसी आणि फेड (इथली मध्यवर्ती बँक) यांच्या मंडळांनी दोन-तृतीयांश मतांनी शिफारस करायची, अर्थमंत्र्यांनी राष्ट्राध्यक्षांशी सल्लामसलत करून निर्णय घ्यायचा. रविवारी संध्याकाळपर्यंत हे सगळं उरकलं. सोमवारी सकाळी पै न पै हजर. भागधारक बुडाले, ठेवीदार तरले.

कार्यक्षमता म्हणून याचं कौतुक मीही करतो. पण २००८च्या जुलैत इंडीमॅक ही बँक बुडाली, तेव्हा मर्यादेवरच्या ठेवीदारांच्या हातात आधी निम्मेच पैसे पडले होते. तेव्हा हा अपवाद कोणी वापरला नाही.

आपल्याकडेही हेच. मार्च २०२०मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, ५० हजारांची मर्यादा लागली, स्टेट बँकेला पुढे करून भांडवल उभं केलं आणि तेरा दिवसांत निर्बंध उठले. पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना मात्र सप्टेंबर २०१९मध्ये सुरुवातीला मिळाले हजार रुपये. विम्याची मर्यादा तेव्हा लाखाची होती, पुढच्या फेब्रुवारीत पाच लाख झाली. विलीनीकरण जानेवारी २०२२मध्ये. पाच लाखांवरच्या ठेवी हप्त्याहप्त्याने, मोठ्यांना तर दहा वर्षांपर्यंत. सहकारी बँकेतला निवृत्त माणूस आरडाओरडा करतो, पण त्याच्यामुळे व्यवस्था कोसळत नाही. बळी तो कान पिळी. "सरकार हवं की नको" या वादात हा मुद्दा कधी येतच नाही. सरकार दोन्हीकडे आहे, फक्त कोणासाठी किती वेगाने हलतं एवढाच फरक.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं, हा टोमणा कबूल. कर इथे भरतो, मत देता येत नाही. मत तिथे आहे, पण ते टाकायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. कान पिळायचाच तर दोन्हीपैकी एकाही सरकारचा माझ्या हाती लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच हे असं लिहायची खुमखुमी येते.

तरीही अमेरिकेची नक्कल करायचीच असेल तर घोषणेची नको, वसुलीची करा. त्या रविवारच्या बचावाचा सुमारे १६ अब्ज डॉलरचा खर्च एफडीआयसीने विशेष आकारणी लावून बँकांकडूनच घ्यायचं ठरवलं, आणि विम्याबाहेरच्या ठेवींपैकी पहिले पाच अब्ज डॉलर वगळल्यामुळे छोट्या बँका त्यातून सुटल्या. आपल्याकडे ठेवविम्याचा हप्ता वर्षानुवर्षं सरसकट होता, २०२०पासून शंभर रुपयांमागे बारा पैसे: नीट चालणाऱ्या बँकेलाही तोच आणि बोगस खाती उघडून एकाच बिल्डरला कर्जं वाटणाऱ्या बँकेलाही तोच.