शुगाबेब्जच्या मुली बदलल्या, तेव्हा गाणंही बदललं

शुगाबेब्ज या लंडनच्या पॉप बँडचा विषय निघाला की एक दावा हटकून पुढे येतो. तो असा: हा कंपनीनं जुळवलेला बँड. एक मुलगी गेली की दुसरी आणायची, नाव तेच, गाणी त्याच छापाची, ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही. एकमेकींशी न पटणाऱ्या मुली एकेक करून बाहेर पडल्या आणि शेवटी तर मूळची एकही उरली नाही, म्हणजे हे थिसियसचं जहाजच, एकेक फळी बदलत सगळंच नवं झालेलं, नाव तेवढं जुनं. आता मूळच्या तिघी परत आल्यात त्या लोकांच्या जुन्या आठवणींवर चार पैसे मिळवायला.

मला हा बँड मनापासून आवडतो, पण तेवढ्यासाठी हे लिहीत नाही. या दाव्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासलं की निसटतं.

आधी "कंपनीनं जुळवलेला" हे घेऊ. स्पाइस गर्ल्स 1994 साली वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून निवडल्या गेल्या, गर्ल्स अलाउड 2002 साली टीव्हीवरच्या स्पर्धेतून. शुगाबेब्जचं तसं नव्हतं. शिवॉन डॉनही आणि मुत्या ब्युना या दोघी रॉन टॉम या मॅनेजरकडे एकेकट्या गायिका म्हणून होत्या आणि एका कार्यक्रमात त्यांची गाठ पडली. पुढे मुत्यानं स्टुडिओत काम बघायला म्हणून आपली मैत्रीण कीशा ब्युकॅनन हिला नेलं आणि 1998 मध्ये दोघींच्या तिघी झाल्या. तिघींना एकत्र बांधलं मॅनेजरनंच, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण चेहरेपट्टी बघून निवड आणि मैत्रिणीच्या ओळखीतून झालेली सुरुवात यांत फरक आहेच.

शिवाय त्या लिहीत होत्या. 'ओव्हरलोड' हे पहिलं गाणं सप्टेंबर 2000 मध्ये आलं आणि ब्रिटिश चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलं. त्याच्या गीतकारांत तिघींचीही नावं आहेत. सोबत कॅमेरॉन मॅकव्हे होता, 'मॅसिव्ह अटॅक' या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमवर काम केलेला माणूस. मुलींची वयं पंधरा-सोळा. गाणं ऐका: बास पुढे, ताल कोरडा, मध्येच गिटारचा तुकडा, आणि तिघी अशा गातात की कुणाला खूश करायची घाईच नाही. त्या वर्षीच्या चकचकीत पॉपमध्ये असं गाणं कारखान्यातून निघत नव्हतं.

दुसरा मुद्दा, "मुली बदलल्या तरी गाणी त्याच छापाची". हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो खोडायला नुसते कान पुरेत.

ऑगस्ट 2001 मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना शिवॉन बाहेर पडली. 'वन टच' हा पहिला अल्बम बेताचाच चालला होता आणि लंडन रेकॉर्ड्स या कंपनीनं बँड सोडून दिला होता. लिव्हरपूलची हायडी रेंज आली. ती आधी 'अटॉमिक किटन' या दुसऱ्या मुलींच्या बँडच्या मूळ संचात होती, त्यांचं पहिलं गाणं यायच्या आधीच बाहेर पडलेली. नवी कंपनी आयलंड. एप्रिल 2002 मध्ये 'फ्रीक लाइक मी' आलं आणि थेट पहिल्या नंबरवर बसलं. गॅरी न्यूमनच्या 'ट्यूबवे आर्मी'चा 1979 सालचा थंडगार सिंथेसायझर आणि त्यावर ॲडिना हॉवर्डच्या नव्वदच्या दशकातल्या गाण्याचे शब्द, असा जोड रिचर्ड एक्स या निर्मात्यानं आधीच बेकायदा रेकॉर्डवर घातला होता. त्याच जोडावर या तिघी नव्यानं गायल्या. यात 'वन टच'मधला बुजरेपणा औषधालाही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेनोमेनिया या गीतकार-निर्मात्यांच्या गटाबरोबर केलेलं 'राउंड राउंड' आलं, तेही पहिलं. हायडीचा आवाज स्वच्छ, वर जाणारा, मुत्याचा खालचा, खरखरीत आणि थोडा रागावलेला. कीशा दोघींच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडे हात पोचवते. त्या काळाच्या गाण्यांची सगळी गंमत या तीन उंच्यांत आहे. शिवॉनचा धूसर, अंतर्मुख आवाज इथे असता तर हीच गाणी दुसरी झाली असती.

2005 च्या ऑक्टोबरात 'टॉलर इन मोअर वेज' हा अल्बम पहिल्या नंबरवर गेला, बँडचा पहिलाच असा. 'पुश द बटन' तीन आठवडे वर होतं. डिसेंबरात मुत्या गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये तिला मुलगी झाली होती. आल्डरशॉटची अमेल बेराबा आली आणि फेब्रुवारी 2006 मध्ये तोच अल्बम तिच्या आवाजात काही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करून बाजारात आला. माणूस बदलल्यानं काय होतं हे एकाच चालीवर ऐकायचं असेल तर याहून सोपी जागा नाही. 'फॉलो मी होम' हे हळू गाणं काढा. मुत्यानं त्यातलं आपलं कडवं मुलीला अर्पण केलं होतं. तिच्या आवाजात कमालीचा संयम आहे, ओळ संपताना ती ताणत नाही, सोडून देते. अमेल तीच जागा जोर लावून, आवाजाला धार देऊन गाते. ती वाईट गात नाही, पण गाण्याचा अर्थ हलतो. पाठीशी उभं राहण्याचं वचन होतं, ते प्रेमाची मागणी होऊन बसतं. सिंगल म्हणून ते बत्तिसाव्या नंबरला थांबलं. उलट 'रेड ड्रेस' या धसमुसळ्या गाण्याला अमेलची धार शोभली आणि ते चौथ्या नंबरपर्यंत गेलं. "काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांनी ही दोन गाणी दोन्ही आवाजांत लागोपाठ ऐकावीत, एवढीच माझी विनंती आहे.

आपल्याकडे नाटक नव्या संचात येतं आणि चालतंही, मग बँडचं का नाही, असं कुणी विचारेल. नाटकाची संहिता आधी लिहिलेली असते आणि नट बदलला तरी ती उभी राहते. पॉप गाण्यात तो आवाज हीच निम्मी संहिता असते.

"मुलगी गेली की बँड आणखी वर जातो" असंही काहीजण चार्ट दाखवून सांगतात. हायडी आल्यावर यश आलं हे खरं, पण त्याच वेळी कंपनी बदलली, निर्माते बदलले, धोरण बदललं. सगळं श्रेय किंवा दोष अदलाबदलीला देता येत नाही. अमेलच्या काळात 'अबाउट यू नाऊ' 2007 मध्ये चार आठवडे पहिलं होतं आणि 'चेंज' हा अल्बमही पहिला. पुढच्याच वर्षी, त्याच तिघी असताना, 'कॅटफाइट्स अँड स्पॉटलाइट्स' आठव्या नंबरवर अडकला. आणि 2009 मध्ये कीशा गेल्यावर, म्हणजे मूळची एकही न उरल्यावर, 'स्वीट 7' मार्च 2010 मध्ये चौदाव्या नंबरपर्यंतच पोचला. पाठीशी रेडवन हा निर्माता होता, ब्रुनो मार्सची गीतकार मंडळी होती, अमेरिकन पद्धतीचा गुळगुळीत इलेक्ट्रोपॉप होता. दावा खरा असता तर हाच अल्बम सगळ्यात सुरळीत चालायला हवा होता. 2011 मध्ये एक गाणं फुकट डाउनलोडला देऊन बँड गप्प झाला.

आता "भांडकुदळ मुली". हा भाग वाचताना मला खरोखर राग येतो. शिवॉननं पुढे आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं. बाहेर पडली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मुत्या गेली तेव्हा तिच्या घरात वर्षाच्या आतलं मूल होतं. आणि कीशा? 21 सप्टेंबर 2009 ला बातमी आली की ती बँडमध्ये नाही, तिच्या जागी त्याच वर्षी युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत ब्रिटनकडून पाचवी आलेली जेड युअन आहे. हा निर्णय माझा नाही, असं कीशानं तेव्हाच सांगितलं. तरीही वर्तमानपत्रांनी तिलाच दादागिरी करणारी ठरवलं, तेही वर्षानुवर्षं. 2020 मध्ये तिनं स्वतः व्हिडिओ करून सांगितलं की कृष्णवर्णीय मुलगी स्पष्ट बोलली की तिला आक्रमक म्हणायचं, ही इंडस्ट्रीची सवय आपल्या वाट्याला कशी आली. तिघींच्या जाण्याची तीन वेगळी कारणं आहेत. त्यांची "पोरींची भांडणं" अशी एकच गोष्ट करणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत कीशानं मोजली.

"परत आल्या पैशासाठी" हे तर कालक्रमातच बसत नाही. मूळच्या तिघी 2012 मध्येच एकत्र आल्या, पण बँडचं नाव त्यांचं नव्हतं, म्हणून मुत्या, कीशा, शिवॉन यांच्या 'एमकेएस' या आद्याक्षरांनी गायला लागल्या. 2013 चं 'फ्लॅटलाइन' हे देखणं गाणं पन्नासाव्या नंबरवर राहिलं. नावाची ताकद किती असते तेही इथे दिसतं, ते मी नाकारत नाही. त्या काळातली गाणी वर्षानुवर्षं अधिकृतपणे बाहेर येऊ शकली नाहीत. 2019 मध्ये नाव परत मिळालं, 2022 मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात त्यांच्या मंचासमोर इतकी गर्दी झाली की ते मैदान बंद करावं लागलं, आणि त्याच डिसेंबरात तीच अडकलेली गाणी त्यांनी 'द लॉस्ट टेप्स' म्हणून स्वतःच्या हिमतीवर काढली. झटपट पैसा हवा असलेला माणूस सात वर्षं बिननावाचा थांबत नाही.

मात्र या पुनरागमनाच्या आनंदात उलटा दावाही जोरात चाललाय की खऱ्या शुगाबेब्ज त्याच तिघी, बाकीच्या भाडोत्री. तोही मला मान्य नाही. बँडची सहा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेली, त्यांतलं एक 2007 साली गर्ल्स अलाउडबरोबर धर्मादाय मदतीसाठी केलेलं. मूळ तिघींच्या नावावर त्यांतलं एकही नाही. मुत्या चारांत आहे, अमेल दोनांत. सहाही गाण्यांत आहेत त्या दोघीच, कीशा ब्युकॅनन आणि हायडी रेंज. दहा वर्षं गायलेल्या हायडीला भाडोत्री म्हणणाऱ्यांनी 'राउंड राउंड'मधून तिचा आवाज काढून दाखवावा.