फ्रिक्वेन्सी आपली, आणि विचारतं कोण आपल्याला?

मुंबईत एके काळी ९२.५ मेगाहर्ट्झवर 'गो' नावाचं स्टेशन लागायचं. आता तिथे काटा नेलात तर शेजारच्या ९२.७ चाच आवाज येतो. ते स्टेशन कुठे गेलं, कोणाकोणाच्या हातातून गेलं, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. रेडिओचा विषय निघाला की लोक जुन्या निवेदकांच्या आठवणी काढतात, आणि त्या काढाव्यातच. पण स्टेशन विकलं जातं, त्याची भाषा बदलते, तेव्हा रोज ऐकणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला बोलायचंय ते याबद्दल.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम एकापाठोपाठ एक सुरू झाली. रेडिओ सिटी, मिर्ची, रेड, विन ९४.६ आणि मिड-डे वर्तमानपत्रवाल्यांचं गो ९२.५. त्यात गो इंग्रजी. मी मराठी शाळेत शिकलेली, डोंबिवलीची, इंग्रजी गाणी घरात कधी वाजली नव्हती. तरी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये गोवरची जग्गू आणि तराना ही निवेदकांची जोडी ऐकायची सवय लागली ती लागलीच. मोबाइलमध्ये एफएम असायचं, इअरफोनची वायर हीच एरियल. एक टोक माझ्या कानात, एक मैत्रिणीच्या. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की नुसती खरखर. बाहेर येईपर्यंत दोघांच्या गप्पा भलत्याच विषयावर गेलेल्या असायच्या, आणि मधलं काय झालं असेल ते आम्ही दोघी जुळवत बसायचो. गाण्यांपेक्षा त्या गप्पांसाठी आम्ही ते लावायचो. दोन माणसं आपल्याच शहराबद्दल बोलताहेत आणि समोरच्याला कळेल की नाही याची काळजी करत नाहीयेत, हे मला फार आवडायचं.

आता पैशाचं बोलू, कारण सगळं तिथेच फिरतं. पहिल्या फेरीतल्या लिलावात मुंबईच्या एका स्टेशनची लायसन्स फी ठरली वर्षाला ९.७५ कोटी रुपये. त्यावर दरवर्षी १५ टक्के वाढ, दहा वर्षं. हिशोब मांडून बघा, दहाव्या वर्षी ही रक्कम ३४ कोटींच्या वर जाते. जाहिरात मिळो न मिळो, फी भरायचीच. अशा परिस्थितीत 'थोडे पण पक्के श्रोते' असलेलं स्टेशन कोण चालवणार? विन काही वर्षांतच बंद पडलं. सरकारने २००५ मध्ये धोरण बदललं, एकदाच प्रवेश फी आणि पुढे उत्पन्नातला ४ टक्के वाटा असं ठरलं, पण तोवर 'सगळ्यांना चालेल तेच वाजवा' ही सवय अंगात मुरली होती. मुंबईकरांना दुसरं काही आवडतच नाही, असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. लोकांना ऐकायला काय मिळेल हे लायसन्सच्या कागदावर आधीच ठरून गेलं होतं.

गोचं पुढे असं झालं. २००६ मध्ये कंपनीत बीबीसी वर्ल्डवाइडने हिस्सा घेतला. नवीन फेरीत दोन स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झ अंतराचं कोष्टक आलं. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ असं. त्यात ९२.५ बसतच नव्हतं. नावातच आकडा होता, तो आकडाच गेला. स्टेशन ९४.३ वर सरकलं आणि झालं रेडिओ वन. इंग्रजी गेली, हिंदी सिनेमाची गाणी आली. काही वर्षांनी मुंबईत पुन्हा इंग्रजी आली, आंतरराष्ट्रीय संगीत म्हणून. मधल्या काळात, २०१० मध्ये, मिड-डेचं वर्तमानपत्र जागरण या वृत्तपत्र समूहाकडे गेलं, रेडिओ मागे राहिला आणि कंपनीचं नाव झालं नेक्स्ट मीडियावर्क्स. २०१९ मध्ये तीही एचटी मीडियाच्या ताब्यात गेली. रेडचंही तसंच, इंडिया टुडे गटाकडून निघून शेवटी सन समूहाकडे. रेडिओ सिटी २०१५ मध्ये जागरणने घेतलं. नफा-तोट्याची गणितं असतात, मालक बदलणार, त्यात गैर काही नाही. माझं म्हणणं इतकंच की ही फ्रिक्वेन्सी मालकाची नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सार्वजनिक म्हणजे तुमची-माझी. मग तिच्यावर कुठली भाषा चालणार, शहराबद्दल बोललं जाणार की नाही, यात आपलं मत कुठे आहे?

हे आजचंही नाही. मुंबईचं पहिलं नियमित केंद्रही खासगीच होतं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलं. रेडिओ ठेवायला वर्षाला १० रुपयांचं लायसन्स लागायचं आणि त्यातले ८ रुपये कंपनीला मिळायचे. १९२९ संपता संपता अख्ख्या देशात लायसन्सं आठ हजारांच्या आत. त्यावर मुंबई आणि कलकत्ता अशी दोन केंद्रं कशी चालणार? मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली, १ एप्रिलपासून सरकारने केंद्रं हातात घेतली. पण ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनेही तोटा परवडत नाही म्हणून ती बंद करायचं ठरवलं. लोकांनी आरडाओरडा केला आणि दुसऱ्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. ज्याचं नाव १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ झालं, ते तेव्हाच्या त्या मूठभर श्रोत्यांमुळे उरलं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो आणि तो कुठे फारसा सांगितला जात नाही.

आणि परवा-परवाचं उदाहरण पुण्याचं. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे द्यायचं ठरलं. पुणेकर चिडले, पत्रकार चिडले, सगळ्या पक्षांचे लोक बोलले, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. सरकारी केंद्र होतं म्हणून निदान दाद मागायला जागा होती. खासगी स्टेशनचा आरजे सोमवारी गायब होतो, भाषा बदलते, कार्यक्रम बंद होतो, आपण फार तर चॅनल बदलतो. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं लायसन्समध्येच लिहिलेलं असायचं की या स्टेशनचं स्वरूप काय, स्थानिक काय आणि किती असेल. मोठा बदल करायचा तर नियामकाकडे जावं लागायचं आणि लोकांची मतं मागवली जायची. आपल्याकडे हे का नको?

बातम्यांचं तर मला कळतच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आजही बंदी आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं, बस. वाहतूक, हवामान, पाणीकपात यांची माहिती देता येते. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे आरजे सांगू शकतो, का येणार नाही हे कुणाला विचारून त्याची बातमी करू शकत नाही. ज्या देशात शेकडो खासगी टीव्ही वाहिन्या चोवीस तास बातम्या देतात, तिथे रेडिओचंच तोंड का दाबलंय? ट्राय या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटं बातम्यांना परवानगी द्या अशी शिफारस केली. स्टेशनांमध्ये गाण्यांपलीकडे काही फरक पडावा असं वाटत असेल तर सुरुवात इथूनच होईल. स्थानिक बातमी एकसारखी असूच शकत नाही. कल्याणच्या पत्रीपुलाची बातमी नागपुरातून आणून लावता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव, वर्धा, गोंदिया, नंदुरबार आहेत. मातृभाषेतल्या कार्यक्रमांना चालना मिळेल असंही तेव्हा सांगितलं गेलं. चांगलंच आहे. पण मातृभाषा लायसन्सच्या अटीत लिहिलेली असेल तरच टिकेल, नाहीतर दुसऱ्या मालकाच्या पहिल्या तिमाहीत जाईल. चंद्रपूरच्या स्टेशनवर झाडीबोलीत बोलणारा माणूस असायला हवा, लातूरच्या स्टेशनवर पाणीटंचाईवर बोलणारा. मुंबईहून रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज 'नमस्कार लातूर' म्हणायला लागला, की ते लातूरचं स्टेशन नव्हेच.

तेव्हा या शहरांतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे स्टेशन येईल तेव्हा गाणी कुठली लागतात एवढंच बघू नका. लायसन्स कोणाच्या नावावर आहे, स्टुडिओ तुमच्या गावात आहे का, बोलणारी माणसं कुठली, हे विचारा. आणि पुढे कधी मालक बदलला, भाषा बदलली, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहा, खासदाराला गाठा, स्थानिक पेपरात छापून आणा. १९३१ मध्ये जमलं होतं, २०२३ मध्ये पुण्यात जमलं.